न संपणारा पत्ता

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात एक वेधशाळा उभी राहते आहे. तिला घुमट नाही, आकाशाकडे रोखलेली दुर्बीण नाही. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या, नळ्यांत टांगलेले आरसे आणि त्या आरशांमध्ये सतत ये-जा करणारा लेसरचा झोत, असे तिचे रूप असेल. हा गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीचा लायगो-इंडिया प्रकल्प. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये उभारणीसाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात मोठा वाटा आहे.

अशा वेधशाळेचे सगळे काम शेवटी आकड्यांवर येऊन ठेपते. अमेरिकेतल्या लायगोच्या यंत्रांत मुख्य संकेताची नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते. म्हणजे त्या एका वाहिनीतून दिवसाला १४१ कोटींहून जास्त आकडे बाहेर पडतात. शिवाय जमिनीची थरथर, तापमान, आरशांची हालचाल अशा गोष्टींवर नजर ठेवणाऱ्या हजारो वाहिन्या वेगळ्याच. या आकड्यांच्या फायली होतात. फाइल कोणत्या क्षणापासूनची आणि किती सेकंदांची, हे तिच्या नावातच लिहिलेले असते. तो क्षण ६ जानेवारी १९८० पासूनच्या जीपीएस सेकंदांत मोजतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली गेली, त्या सेकंदाचा क्रमांक ११२६२५९४६२.

फायली वाचणारे सॉफ्टवेअरही सतत बदलत असते. गुरुत्वीय लहरींचे संशोधक देशोदेशी बसून एकच सामायिक सॉफ्टवेअर संच वापरतात. सर्न प्रयोगशाळेत तयार झालेल्या सर्न-व्हीएम फाइल सिस्टीमवरून तो सगळीकडे पोचतो. त्यात संचाच्या नावाला तारीख जोडलेली असते आणि बिनतारखेचे एक सोपे नाव त्यांतल्या चालू संचाकडे बोट दाखवते. नवा संच आला की फक्त ते बोट वळवायचे, संशोधकाने आपल्या प्रोग्रॅममध्ये काहीच बदलायचे नाही.

बोट दाखवणाऱ्या अशा नावाला सिम्बॉलिक लिंक म्हणतात, रोजच्या बोलण्यात सिमलिंक. आपल्या मोबाइलपासून महासंगणकापर्यंत ती सगळीकडे आहे. आता एक नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवू शकत असेल, तर ते दुसरे नाव उलट पहिल्याकडेही बोट दाखवू शकते. असे झाले की पत्त्याला शेवटच उरत नाही. त्या वेळी ऑपरेटिंग सिस्टीम काय करते आणि तेच का करते, हे या प्रकरणात पाहू.

नाव आणि फाइल

युनिक्स घराण्यातल्या सिस्टीममध्ये, म्हणजे लिनक्स, मॅकओएस आणि लिनक्सच्या गाभ्यावर चालणारे अँड्रॉइड यांत, फाइल आणि तिचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलची खरी नोंद इनोड नावाच्या छोट्या रकान्यात असते: मालक कोण, परवानगी कोणाला, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे ठेवला आहे. त्या नोंदीत नाव मात्र नसते. नावे असतात डिरेक्टरीत, म्हणजे आपण ज्याला फोल्डर म्हणतो त्यात. डिरेक्टरी ही खरे तर एक यादीच आहे: एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला इनोडचा क्रमांक.

त्यामुळे एकाच इनोडला दोन नावे देता येतात. ही हार्ड लिंक. दोन्ही नावे सारख्याच हक्काची, त्यांत मूळ कोणते आणि नंतरचे कोणते हे सांगताच येत नाही. साध्या फाइलसाठी हे चालून जाते, पण डिरेक्टरीची हार्ड लिंक लिनक्स अगदी प्रशासकालाही करू देत नाही. डिरेक्टरी आपल्याच पोटातल्या डिरेक्टरीत दुसऱ्या नावाने दाखल झाली, तर आत उतरत जाणाऱ्या प्रोग्रॅमला मूळ वाट आणि फिरून आलेली वाट यांत फरक करता येणार नाही. शिवाय इनोडला किती नावे आहेत हे मोजून, संख्या शून्यावर आली की जागा मोकळी करायची, हा हिशेबही बिघडेल. वर्तुळात अडकलेल्या डिरेक्टऱ्या एकमेकींना नाव देत राहतील आणि बाहेरून कोणी पोचू शकत नसतानाही संख्या शून्यावर येणार नाही. म्हणून खऱ्या वस्तूंच्या पातळीवर वर्तुळाला बंदीच आहे.

सिम्बॉलिक लिंकचे काम वेगळ्या प्रकारे चालते. तिला स्वतःचा इनोड असतो आणि तिच्या आत असतो फक्त मजकूर, दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्याचा. ही कल्पना १९६५ च्या सुमारास मल्टिक्स या सिस्टीमच्या आराखड्यात होती. युनिक्सच्या जगात ती बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या १९८३ च्या आवृत्तीबरोबर रुळली. हार्ड लिंक एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जात नाही आणि डिरेक्टरीला चालत नाही. या दोन्ही अडचणी सिमलिंकने दूर केल्या.

तिची साठवण पाहण्यासारखी आहे. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टीममध्ये लिंकमधला पत्ता ६० बाइटांपेक्षा कमी असेल, तर तो थेट इनोडमध्येच मावतो, डिस्कवर वेगळी जागा लागत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. ‘हळद’ म्हणजे ह, ळ, द मिळून नऊ बाइट. ‘हिंगोली’त काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. तेव्हा देवनागरीत एकोणीस चिन्हांपर्यंतचा पत्ता इनोडमध्ये बसतो.

हा मजकूर लिहिताना कोणी तपासत नाही. त्या पत्त्यावर काही आहे का, ते कुठे नेते, परत इकडेच येते का, यांपैकी एकही प्रश्न लिंक करताना विचारला जात नाही. प्रश्न पडतो तो लिंक वापरताना.

दोन कुलपे

लिनक्सच्या संगणकावर टर्मिनल उघडा आणि ‘एलएन’ ही आज्ञा ‘-एस’ या पर्यायासह देऊन ‘अ’ नावाची लिंक करा, ती ‘ब’कडे नेणारी. मग ‘ब’ नावाची लिंक करा, ती ‘अ’कडे नेणारी. दोन्ही आज्ञा बिनबोभाट पार पडतात. ‘एलएस -एल’ ने यादी मागितली तर दोन ओळी नीट दिसतात: ‘अ’ पुढे बाण आणि ‘ब’, ‘ब’ पुढे बाण आणि ‘अ’. आकाराच्या रकान्यात दोन्हींसमोर ३ हा आकडा असतो, कारण प्रत्येकीच्या आत एकच देवनागरी अक्षर आहे. यादी दाखवताना लिंकच्या मागे जावे लागत नाही, लिंक जशी आहे तशी दाखवायची असते. म्हणून इथवर सगळे सुरळीत चालते.

आता ‘कॅट’ या आज्ञेने ‘अ’मधला मजकूर मागा. शेजारशेजारच्या दोन घरांना कुलूप आहे आणि दोन्ही दारांवर ‘किल्ली शेजारी ठेवली आहे’ अशी चिठ्ठी लावलेली आहे, तशी ही अवस्था. प्रत्येक चिठ्ठी आपल्यापुरती स्पष्ट आहे, चूक आहे ती दोन्ही मिळून.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, पत्ता उलगडायला घेतो. ‘अ’ काय आहे? लिंक आहे. मोजणी १. आत लिहिले आहे ‘ब’. ‘ब’ काय आहे? लिंक आहे. मोजणी २. आत लिहिले आहे ‘अ’. मोजणी ३, ४, ५ असे चालू राहते. विषम आकड्याला ‘अ’, सम आकड्याला ‘ब’. चाळिसावी लिंक ‘ब’ ओलांडून कर्नल पुन्हा ‘अ’पाशी येतो. एकेचाळिसावी लिंक ओलांडायची पाळी आली की तो थांबतो आणि ईलूप नावाची चूक परत पाठवतो. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटते: टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी होऊन जाते. संगणक लटकत नाही, पंखा जोरात फिरू लागत नाही, बाकीच्या कामांना धक्काही लागत नाही.

या ओळीचा शब्दन्‌शब्द महत्त्वाचा आहे. ‘वर्तुळ सापडले’ असे कर्नल म्हणत नाही. लिंकांच्या फार पायऱ्या झाल्या, एवढेच तो सांगतो. एकमेकींना जोडलेल्या एकेचाळीस लिंकांची सरळ साखळी तयार केली आणि शेवटी खरी फाइल ठेवली, तरी हीच ओळ दिसेल. कर्नल वर्तुळ ओळखत नाही, तो पायऱ्या मोजतो.

आधीच का अडवत नाही?

पहिला प्रश्न साहजिक आहे. लिंक करतानाच तपासले आणि वर्तुळ होत असेल तर नकार दिला, तर पुढचा त्रासच वाचेल. पण असा नकार देता येत नाही, याला तीन ठोस कारणे आहेत.

एक म्हणजे अजून अस्तित्वात नसलेल्या पत्त्याची लिंक करण्याची मुभा हवीच असते. सॉफ्टवेअर बसवताना आधी लिंक होते, फाइल नंतर येते. बाहेरची हार्डडिस्क जोडलेली नसली तरी तिच्यावरच्या फोल्डरची लिंक घरच्या फोल्डरमध्ये असू शकते.

दुसरे कारण असे की वर्तुळ लिंक करतानाच जन्माला येते असे नाही. ‘अ’ ही लिंक ‘ब’ या साध्या फाइलकडे नेत होती. कोणी ‘ब’ पुसली आणि त्या नावाने ‘अ’कडे नेणारी दुसरीच लिंक आणून ठेवली. किंवा फोल्डरचे नाव बदलले. किंवा एका ठिकाणी नवी डिस्क जोडली आणि तिथल्या नावांचा अर्थच पालटला. म्हणजे लिंक करताना, नाव बदलताना, फाइल हलवताना, डिस्क जोडताना, प्रत्येक वेळी सिस्टीमवरच्या सगळ्या लिंका तपासाव्या लागतील. रोजच्या कामात नावे क्षणोक्षणी बदलत असतात. त्या प्रत्येक बदलाला अशी तपासणी परवडणारी नाही.

तिसरे कारण जाळ्याचे. फाइल सिस्टीम एका यंत्रावर असते आणि ती वाचणारी यंत्रे शेकडो, प्रत्येकाची मांडणी निराळी. वर उल्लेखलेल्या सर्न-व्हीएम फाइल सिस्टीममध्ये तर लिंकच्या मजकुरात बदलती जागा ठेवता येते आणि ती वाचणाऱ्या यंत्राच्या मांडणीनुसार भरली जाते. एकच लिंक पुण्यात एका फोल्डरकडे नेईल आणि दुसऱ्या देशात दुसऱ्याच. ती वर्तुळात सापडेल की नाही, हे ती लिहिणाऱ्या यंत्राला कळण्याचा मार्गच नाही.

तीच लिंक पुन्हा भेटली म्हणून

करताना जमत नसेल तर चालताना ओळखावे, हा दुसरा प्रश्न. भेटलेली प्रत्येक लिंक टिपून ठेवायची आणि तीच पुन्हा भेटली की वर्तुळ जाहीर करायचे. यात चूक कुठे होते, हे एका खऱ्या लिंकवरून पाहू.

डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या उबंटूसारख्या लिनक्स आवृत्त्यांत ‘/यूएसआर/बिन’ या फोल्डरमध्ये ‘एक्स११’ नावाची लिंक अनेक वर्षे असायची आणि बऱ्याच यंत्रांवर आजही सापडते. तिच्या आत एकच टिंब असते. टिंब म्हणजे हेच फोल्डर. पूर्वी पडद्यावर खिडक्या दाखवणारे प्रोग्रॅम ‘एक्स११’ या वेगळ्या पत्त्यावर असत. ते मुख्य फोल्डरमध्ये हलवले गेले तेव्हा जुना पत्ता लिहिलेल्या स्क्रिप्ट बंद पडू नयेत म्हणून ही लिंक ठेवली गेली. आता ‘/यूएसआर/बिन/एक्स११/एक्स११/एलएस’ असा पत्ता दिला तर तीच लिंक लागोपाठ दोनदा भेटते. तरीही पत्ता बिनचूक आहे आणि ‘एलएस’पर्यंत नीट पोचतो. तीच लिंक पुन्हा भेटणे हा वर्तुळाचा पुरावा धरला, तर हा वैध पत्ता नाकारला जाईल.

कारण पत्ता उलगडताना आपण कुठे आहोत एवढ्याने भागत नाही. अजून किती पत्ता वाचायचा राहिला आहे, हेही त्या क्षणाच्या स्थितीत मोजावे लागते. पहिल्या ‘एक्स११’नंतर ‘एक्स११/एलएस’ उरते, दुसऱ्यानंतर फक्त ‘एलएस’. पत्ता कमी होतो आहे, म्हणून तो संपतो.

मग जागा आणि उरलेला पत्ता अशी जोडी लक्षात ठेवली तर? रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाणारी कासव-सशाची पद्धत वर्तुळ शोधण्यासाठी प्रसिद्ध आहे. एक पाऊल टाकणारे कासव, दोन पावले टाकणारा ससा, आणि वाट वर्तुळाकार असेल तर दोघांची गाठ पडणारच. पण ‘अ’ नावाची लिंक करा आणि तिच्यात ‘अ/क’ लिहा. ‘अ’ उलगडले की ‘अ/क’ मिळते. त्यातला ‘अ’ उलगडला की ‘अ/क/क’. मग ‘अ/क/क/क’. उरलेला पत्ता दर पावलाला वाढतच जातो आणि कोणतीही स्थिती कधीच परत येत नाही. कासव आणि ससा जन्मभर धावले तरी भेटणार नाहीत, आणि तरीही ही वाट न संपणारीच आहे.

कोणता तुकडा कोणत्या लिंकमधून आला याची वंशावळ ठेवली, तर लिंक स्वतःच्याच पोटातून परत निघाली हे ओळखता येते. पण तेवढी नोंद प्रत्येक पत्त्यासाठी ठेवावी लागेल, आणि नव्याण्णव टक्के नव्हे तर जवळजवळ सगळेच पत्ते सरळ असतात. त्याहून मोठी अडचण ही की चालता चालता दुसरा प्रोग्रॅम लिंक बदलू शकतो. आत्ता दिलेला ‘वर्तुळ आहे’ हा निकाल पुढच्याच क्षणी खोटा ठरू शकतो. उलट कोणी मुद्दाम हजार लिंकांची सरळ साखळी रचून कर्नलला राबवू लागला, तर तिथे वर्तुळ नसल्यामुळे ओळखणारी युक्ती गप्प बसेल. म्हणजे कमाल मर्यादा घालावीच लागते. आणि मर्यादा घातली की वर्तुळही तिच्यातच अडकते, वेगळ्या शोधाची गरज उरत नाही. जगातल्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीम याच निष्कर्षावर आल्या आहेत.

चाळीस कुठून आले?

मर्यादा किती, यावर मात्र एकमत नाही. युनिक्सच्या सुरुवातीच्या बर्कले आवृत्त्यांत ती ८ होती. वेगवेगळ्या युनिक्सना एका नियमात आणणाऱ्या पॉझिक्स या मानकाने निदान आठ लिंका चालल्याच पाहिजेत असे ठरवले. मॅकओएस आणि फ्रीबीएसडी बत्तिसावर थांबतात, लिनक्स चाळिसावर. विंडोजने व्हिस्टापासून सिम्बॉलिक लिंक दिली आणि एका पत्त्यात ६३ वळणांची सीमा ठेवली. ती ओलांडली की १९२१ क्रमांकाची चूक येते: नावाचा उलगडा होत नाही.

चाळीस हा आकडा कोणत्याही सूत्रातून निघालेला नाही. व्यवहारात साखळ्या लहान असतात. डेबियनवर ‘जावा’ हे नाव घ्या: ‘/यूएसआर/बिन’मधली लिंक ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज’मधल्या लिंककडे नेते आणि ती खऱ्या प्रोग्रॅमकडे. दोन पायऱ्यांत काम झाले. त्यापुढे आणखी चार-पाच फोल्डर लिंकमार्गे गाठावे लागले, तरी चाळीस फार दूर राहते.

लिनक्समध्ये पूर्वी आणखी एक, जास्त कडक मर्यादा होती. लिंकच्या पोटात लिंक, तिच्या पोटात लिंक अशी खोली आधी पाच आणि मग आठपर्यंतच चालायची. याचे मूळ मेमरीत होते. पत्ता उलगडणारे फंक्शन लिंक भेटली की स्वतःलाच पुन्हा बोलवत असे आणि अशा प्रत्येक बोलावण्याला कर्नलच्या स्टॅकमधली थोडी जागा लागे. हा स्टॅक अवघा काही किलोबाइटांचा असतो. तो भरून वाहिला तर एक प्रोग्रॅम नव्हे, सगळे यंत्रच कोसळते. २०१५ मध्ये लिनक्स ४.२ साठी अल व्हिरो यांनी हा भाग नव्याने लिहिला. फंक्शनने स्वतःला बोलवण्याऐवजी अर्धवट राहिलेले पत्ते एका वेगळ्या यादीत ठेवायचे, अशी रचना केली. आठची मर्यादा गेली, एकूण चाळिसाची राहिली. आतले यंत्र पूर्ण बदलले, पण मोजून थांबण्याचे तत्त्व जसेच्या तसे ठेवले गेले.

पत्ता बरोबर, प्रवास मात्र संपत नाही

आतापर्यंतचे वर्तुळ नावांचे होते, त्यातून कुठेच पोचता येत नव्हते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पत्ता योग्य जागी पोचतो, पण पत्ते संपत नाहीत. लिंक आपल्याच फोल्डरकडे किंवा त्याच्या वरच्या फोल्डरकडे नेते तेव्हा असे होते. ‘एक्स११’ हे त्याचेच उदाहरण.

लिनक्सच्या ‘/सिस’ या फोल्डरमध्ये अशी वर्तुळे मुद्दाम ठेवलेली आहेत. तिथे जोडलेल्या उपकरणांची माहिती असते. ‘/सिस/क्लास/नेट’मध्ये ‘एलओ’ ही लिंक एका नेटवर्क उपकरणाच्या फोल्डरकडे नेते. त्या फोल्डरमध्ये ‘सबसिस्टिम’ नावाची लिंक आहे, ती परत ‘/सिस/क्लास/नेट’कडे आणते. उपकरणावरून गट कळावा आणि गटावरून उपकरण, म्हणून ही सोय. ‘एलओ/सबसिस्टिम/एलओ/सबसिस्टिम’ असे लिहीत गेलात तर एका फेरीला दोन लिंका खर्च होतात. वीस फेऱ्या पूर्ण होतात आणि एकविसाव्या फेरीच्या पहिल्याच लिंकला कर्नल हात वर करतो.

विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ या फोल्डरखाली ‘लोकल’ आहे आणि त्यात ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाचे जंक्शन, म्हणजे विंडोजमधली फोल्डरची लिंक, परत ‘लोकल’कडेच नेते. जुन्या विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालावेत म्हणून ते ठेवले गेले. त्याची यादी पाहण्याची परवानगी काढून घेतलेली असते, ती अशा फेऱ्या टाळण्यासाठीच. जंक्शन न ओळखणारे आणि विशेष अधिकाराने चालणारे बॅकअप सॉफ्टवेअर मात्र आत शिरते आणि ‘ॲप्लिकेशन डेटा’ला ‘ॲप्लिकेशन डेटा’ जोडत लांबच लांब पत्ते तयार करत जाते.

इथे कर्नलची मोजणी कितपत कामी येते? समजा, एका फोल्डरमध्ये एक जीबीची फाइल आहे आणि त्याच फोल्डरकडे परत नेणारी ‘वर’ नावाची लिंक. लिंकच्या मागे जाऊन नक्कल करणारा भाबडा प्रोग्रॅम ती फाइल आधी जागेवरून घेईल, मग ‘वर’मधून, मग ‘वर/वर’मधून, असे चाळीस वेळा. एकेचाळिसाव्या लिंकला ईलूप मिळेल आणि तो थांबेल. एका जीबीच्या जागी एकेचाळीस जीबी. डिस्क मोठी असेल तर नुकसान सोसण्याजोगे.

आता त्याच फोल्डरमध्ये अशा दोन लिंका ठेवा, ‘वर’ आणि ‘मागे’. पहिल्या पायरीला दोन वाटा, दुसऱ्या पायरीला चार, तिसऱ्या पायरीला आठ. चाळीस पायऱ्यांपर्यंत सगळ्या वाटा मिळून त्या एका फाइलचे २,१९,९०२ कोटींहून जास्त पत्ते होतात, आणि त्यांतला प्रत्येक पत्ता कर्नलच्या दृष्टीने वैध. असा प्रोग्रॅम व्यवहारात कधीच संपणार नाही. चाळिसाची मर्यादा एका पत्त्याला वाचवते, सगळे फोल्डर हिंडणाऱ्याला नाही.

देवनागरी नावे वापरणाऱ्यांना या वाटेवर आणखी एक सीमा लागते. लिनक्समध्ये पूर्ण पत्ता ४,०९६ बाइटांत बसावा लागतो. फेरी मारणाऱ्या लिंकचे नाव चौतीस देवनागरी चिन्हांचे असेल, तर तिरपी रेघ धरून दर फेरीला १०३ बाइट जातात आणि चाळीस फेऱ्यांना ४,१२०. म्हणजे लिंकांची मोजणी पूर्ण व्हायच्या आधीच ‘नाव फार लांब’ ही दुसरीच चूक येते. इंग्रजीत तेवढ्याच अक्षरांचे नाव असते तर ईलूप आले असते. एकाच रचनेला दोन वेगळ्या चुका दिसल्या, तर गोंधळून न जाता आधी बाइट मोजावेत.

कर्नल मोजतो, प्रोग्रॅम लक्षात ठेवतो

फोल्डर हिंडणाऱ्या प्रोग्रॅमला वर्तुळ ओळखण्याचा खात्रीचा उपाय उपलब्ध आहे, आणि तो मिळतो नाव बाजूला ठेवून वस्तूकडे पाहिल्यावर. पत्ता कितीही लांबला तरी शेवटी ज्या डिरेक्टरीत पोचतो तिचा इनोड क्रमांक तोच असतो. इनोड क्रमांक एका डिस्कपुरता वेगळा असतो, म्हणून डिस्कचा क्रमांकही जोडीला घ्यायचा. या दोन आकड्यांची जोडी म्हणजे त्या क्षणी त्या डिरेक्टरीची नेमकी ओळख. आत उतरताना मुळापासून इथपर्यंतच्या डिरेक्टऱ्यांच्या जोड्या जवळ ठेवायच्या. नवी डिरेक्टरी त्यांतलीच निघाली, तर आपण स्वतःच्याच पूर्वजापाशी परत आलो. तिथून मागे फिरायचे.

लिनक्सवरचा ‘फाइंड’ हेच करतो. साध्या वापरात तो लिंकच्या मागे जातच नाही. ‘-एल’ पर्याय दिला तर जातो, पण पूर्वजाशी गाठ पडली की वर्तुळाची सूचना देतो, कोणती डिरेक्टरी कोणत्या डिरेक्टरीच्या फेऱ्यात आहे हे दोन्ही पत्त्यांसह सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो. हरवलेले वर्तुळ शोधायचे असेल तर हाच पर्याय वापरावा. ‘ग्रेप’मध्ये लहान ‘-आर’ आणि मोठ्या लिपीतला ‘-आर’ असे दोन पर्याय आहेत. लहान ‘आर’ वाटेतल्या लिंका सोडून देतो, मोठा त्यांच्या मागे जातो. ‘टार’ आणि ‘आरसिंक -ए’ लिंकची लिंक म्हणूनच नक्कल करतात. बॅकअपसाठी हीच रीत बरोबर, कारण लिंकच्या मजकुराचे काही बाइट तेवढे साठतात आणि परत आणल्यावर मूळ रचना तशीच मिळते.

दोषी लिंक सापडल्यावर ‘रीडलिंक’ने तिच्यातला मजकूर वाचावा, तो कुठे नेतो हे समजून घ्यावे आणि मग ‘आरएम’ने तेवढीच लिंक काढावी. नावाच्या शेवटी तिरपी रेघ लावू नये. रेघ लावली की लिंक बाजूला राहते आणि ती ज्या फोल्डरकडे नेते त्या फोल्डरविषयी बोलणे सुरू होते. वर्तुळातली एक लिंक काढली की उरलेली नुसती न पोचणारी लिंक होते, तीही मग निवांत दुरुस्त करता येते. हे करताना कोणत्याही खऱ्या फाइलला हात लागत नाही.

पुण्यात आयुकातल्या ‘सारथी’सारख्या संगणक-समूहावर अनेक संशोधकांचे प्रोग्रॅम सामायिक साठ्यावर एकाच वेळी चालतात. अशा ठिकाणी एकाच्या प्रोग्रॅमने फोल्डरांत निरर्थक फेऱ्या मारल्या, तर सगळ्यांची कामे मंदावतात. म्हणून फोल्डर हिंडणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, मग तो परिसंवादासाठी आकडे गोळा करणारा असो की वसमतच्या महाविद्यालयात प्रकल्प करणारा विद्यार्थी, सुरुवातीलाच ठरवावे की आपण लिंकच्या मागे जाणार आहोत का. गरज नसेल तर जाऊ नये. गरज असेल तर डिस्क आणि इनोडच्या जोड्या जवळ ठेवाव्यात, आणि त्या ठेवूनही खोलीला एक कमाल मर्यादा घालावी, कारण आपण चालत असताना दुसरा कोणी तरी नावे बदलत असतो.

कर्नल एवढेच वचन देतो की दिलेला कोणताही एक पत्ता चाळीस लिंकांच्या आत एक तर पोचेल किंवा स्पष्ट नकार मिळेल. हे वचन छोटे आहे, पण ते पाळण्यासाठी कर्नलला लिंक करणाऱ्यावर, नावे बदलणाऱ्यावर किंवा दूरच्या यंत्रावर विश्वास ठेवावा लागत नाही. त्यापुढचे शहाणपण प्रोग्रॅमचे. हजारो लोक एकाच वेळी ज्या रचनेत नावे घालतात, बदलतात आणि पुसतात, ती रचना निर्दोष राहील असे गृहीत धरून चालता येत नाही. दोष असतानाही प्रत्येक पत्त्याचा शोध संपेल, एवढी हमी मात्र देता येते, आणि फाइल सिस्टीम बांधणाऱ्यांनी तीच दिली आहे.